दुसऱ्या हातोड्याचा धनी

वेळापिंपरीच्या तांबटआळीत दिवसभर ठोक्यांचा असा गजर चाले, की नवख्या माणसाने कानांवर हात ठेवूनच तिथून जावे. श्रीकवडीनाथ महाराजांनी मात्र मुक्कामाला तीच आळी निवडली. कुणी विचारले तर म्हणत, इथे नामस्मरणाला ताल आयता मिळतो. आळीच्या टोकाला त्यांचा मठ होता, आणि लिंबाजी तांबट रोज काम आटोपले की तिथे झाडलोट करायला येई.

लिंबाजी आणि अंबादास यांचा कारखाना भागीदारीतला. जागा अंबादासची, तांबे अंबादासचे. लिंबाजीचे हात तेवढे होते. पण काय हात होते ते! मोठी कढई मठारायची, म्हणजे अंगभर ओळीने ठोके उमटवून पत्रा घट्ट करायचा, तर दोघे समोरासमोर बसत. एकाचा ठोका पडला की भांडे जरासे फिरवायचे, मग दुसऱ्याचा. इतक्या वर्षांत हातोड्याला हातोडा कधी लागला नाही.

मध्यंतरी कारखान्याला आग लागली. गडी पांगले, लिंबाजी राहिला. घरातली सगळी भांडी, बायकोच्या माहेरची घागरसुद्धा, त्याने वितळवायला आणून दिली आणि त्यातूनच धंदा पुन्हा उभा राहिला. त्याची बायको पारूबाई तेव्हापासून मातीच्या मडक्याने पाणी भरी, आणि त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. धन्य ती माउली!

पण गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीत. तांबटआळीत दसऱ्याला हत्यारे पुजत, तेव्हा धंद्याच्या धन्यांचे हातोडे पाटावर असत आणि गड्यांचे खाली जमिनीवर. एका दसऱ्याला अंबादासने सगळ्या आळीदेखत लिंबाजीचा हातोडा पाटावरून उचलला आणि खाली ठेवला.

"ज्याचं भांडवल नाही तो भागीदार कसला? उद्यापासून रोजावर ये, नाहीतर दुसरं गाव बघ."

लिंबाजीचे केस पिकले होते. या वयात त्याला कोण उभे करणार? त्याने खाली मान घातली. जमलेल्या लोकांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. श्रीमंताच्या दारात खरे बोलायला जीभ जड होते.

महाराज तिथेच होते. त्यांनी विचारले, "अंबादास, आगीच्या वर्षी तोटा कोणी कोणी वाटून घेतला?"

अंबादास हसला. म्हणाला, महाराजांनी टाळ कुटावेत, धंद्यातले त्यांना काय कळते! महाराज रागावले नाहीत. लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तू मठात चल. तुझी पाळी चुकायची नाही."

दुसऱ्या दिवशी अंबादास देवीच्या भंडाऱ्याची कढई घेऊन एकटाच बसला. भर दुपारची वेळ, दार सताड उघडे. त्याने ठोका दिला. कढई आपोआप जराशी फिरली, आणि समोरून दुसरा ठोका पडला.

समोर कोणीच नव्हते.

आपल्याच ठोक्याचा नाद घुमला असेल, असे म्हणून त्याने पुन्हा हातोडा उचलला. पुन्हा तेच. पत्र्यावर ताजी खूण उमटली होती, गोल, नेमकी, लिंबाजीच्या हाताची. अंबादासच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने दार लावले, कडी घातली. ठोके चालूच राहिले, त्याच्या ठोक्याला जोडून, जराही पुढे-मागे नाही. शेवटी त्याने हात थांबवला, तेव्हा समोरचेही थांबले. पण ते थांबणे अधिक भयंकर होते! कोणीतरी हातोडा उगारून त्याच्या पाळीची वाट पाहत होते. त्या बंद खोलीत दमलेल्या माणसाचा श्वास त्याला स्वच्छ ऐकू येत होता.

कडी काढून तो धावत सुटला तो थेट मठात. त्याला वाटले, लिंबाजीने काही करणी केली असावी. लिंबाजी तर सुपात तांदूळ निवडत बसला होता. सकाळपासून इथेच आहे, असे त्याने सांगितले.

आणि महाराज? ते भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा हात हवेत उगारलेला, तसाच थांबलेला.

"दादा, दुपारपासून हात असाच वरखाली होत होता," लिंबाजी दबक्या आवाजात म्हणाला. "मघाशी एकाएकी थांबला. हाक मारली तर ओ देत नाहीत."

 महाराजांनी सावकाश डोळे उघडले आणि तळहात पुढे केला. फोडांनी तो भरून गेला होता, आणि त्याला तापल्या तांब्याचा वास येत होता.

"आम्हाला तुमचं काम येत नाही रे," महाराज म्हणाले. "हात आमचा होता, ठोका नव्हता. आता तूच सांग, तो दुसरा हातोडा कोणाचा?"

अंबादास रडत त्यांच्या पायांशी वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि लिंबाजीकडे बोट दाखवले.

"माझ्या भागीदाराचा, महाराज," एवढेच अंबादासच्या तोंडून निघाले, आणि त्याने सगळ्या मठादेखत लिंबाजीच्या पायांवर कपाळ टेकले.