कस्तुरीचे बूट

"बूटच घालायचे होते, तर नाल कशाला काढायला लावलीत?"

शार्दूल जाचकने समोर मांडलेल्या चार बुटांना हातही लावला नाही. जुन्या टायरचा तळ, वर कॅनव्हास, मागे चामडी पट्टा. कासमबाबांनी ते आठ दिवस खपून स्वतः शिवले होते.

बाबांनी चाळीस वर्षे एका पागेत घोड्यांना नाल ठोकली. मग एके दिवशी हातोडा ठेवला आणि सड्याच्या, त्या कातळी पठाराच्या, पायथ्याशी फकिराच्या तकियात येऊन राहिले. कुणी दुवा मागायला येई, कुणी घोड्याचा पाय दाखवायला.

शार्दूल पाय दाखवायला आला होता. लांब पल्ल्याच्या शर्यती मारणारा गडी. त्याची घोडी कस्तुरी लंगडत होती. खिळ्यांनी तिचे खूर तडकले होते. बाबांनी चारही पायांची नाल उपसली आणि तिला नुसत्या मातीवर चालवायला सांगितले. आठ महिन्यांत नवे खूर वाढून आले.

तेव्हापासून शार्दूल इतरांच्या घोड्यांची नाल पाहून तोंड वाकडे करी. घोड्याला जन्माने मिळाले तेवढे पुरे, असे भेटेल त्याला ऐकवी. आणि आता बाबाच बूट शिवून बसले होते.

"नाल काय नि बूट काय, फरक काय राहिला?"

बाबा एका पट्ट्याचे बक्कल लावून बघत होते.

"हे संध्याकाळी निघतात," ते म्हणाले.

शार्दूलने बूट नेले, पण खोगिराच्या पिशवीत.

दुसऱ्या दिवशी नऊ जण सडा ओलांडून पलीकडच्या गावी निघाले. शार्दूल सर्वांत पुढे. जांभ्याचा उघडा कातळ लागला, त्यावर धारदार खडे. कस्तुरीची पावले आखूड झाली. ती कडेच्या गवताकडे ओढू लागली.

त्याला ते कळले. पण बिननालेची घोडी सडा कशी ओलांडते, ते बघायला बाकीच्या आठ जणांना त्यानेच बोलावले होते. त्याने लगाम खेचून तिला पुन्हा वाटेवर घेतले.

अर्ध्या सड्यावर ती उभी राहिली. पुढचा उजवा पाय तिने उचलून धरला, तो टेकवेना.

मग त्याने तिला बूट चढवले. बाकीचे पुढे गेले. तो तिच्या चालीने, पायी, आठ किलोमीटर परत आला.

बाबांनी खूर मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा दाबला. कस्तुरीने पाय हिसकला. बाबांनी बादलीत गार पाणी भरले, पाय त्यात ठेवला आणि तो धरून बसून राहिले.



"मला कळलं होतं बाबा," शार्दूल म्हणाला. "तरी चालवलं."



बाबांनी बादलीत पुन्हा गार पाणी ओतले.

तीन आठवड्यांनी ती बरी झाली. आता शार्दूल तिला बुटांशिवाय तबेल्याबाहेर काढेना. चिखलात बूट, गवतात बूट, ओढ्यातही बूट. दहाव्या दिवशी पट्ट्याखाली वाळू शिरली आणि टाचेवरचे कातडे सोलून निघाले.

तो पुन्हा तकियात आला. घातले नाहीत तर पाय दुखावतो, घातले तर कातडे जाते. करायचे तरी काय, ते एकदा पक्के सांगा, म्हणाला.

"जखम सुकू दे," बाबा म्हणाले. "मग मी येतो तुझ्याबरोबर."

बाबा आले. सत्तरी उलटलेली, खाली म्हातारे तट्टू. कातळ लागला तसे ते उतरले. शार्दूलही उतरला, कस्तुरीला बूट घातले, पट्टे ओढून पाहिले. कातळ संपून कुरण आले. पुन्हा उतरणे, बूट काढणे, टाचांची वाळू पुसणे. कुरण संपले, पुन्हा खडी.

बाबा काहीच सांगत नव्हते. फक्त उतरत होते.

पूर्वी शार्दूल दोन तासांत पलीकडे पोहोचे. आज ऊन डोक्यावर आले तरी निम्मी वाट बाकी होती. कस्तुरी मात्र कान पुढे करून लांब पावले टाकत होती. तिची अशी चाल त्याने वर्षभरात पाहिली नव्हती.

पुढे खडकाचा एक लहानसा पट्टा आला. फार तर दोनशे पावले.

एवढ्यासाठी कशाला, असे मनात आणून शार्दूल बसूनच राहिला. बाबा उतरले. गुडघे सरळ होईपर्यंत आयाळ धरून उभे राहिले आणि मग तट्टूचा लगाम हाती धरून चालू लागले. मागे वळून त्यांनी पाहिले नाही.

कस्तुरीने एक पाऊल टाकले आणि ती थबकली.

शार्दूल उतरला. चौथा पट्टा आवळताना त्याने बाबांना हाक मारली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती.

"बाबा, सकाळपासून मी नुसता उतरतोच आहे. स्वारी कधी करायची?"

बाबा थांबले. तट्टूही थांबले...

"उतरायचा कंटाळा असेल," ते म्हणाले, "तर बसूच नये."