राजचिन्हातला माड

एक राजा होता, आणि त्या मेल्याचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. वाऱ्यानं दार वाजलं तरी विचारायचा, कुणी पाठवलं तुला?

त्याचं बेट भर समुद्रात. गोड्या पाण्याची विहीर नाही, नदी नाही. लहानथोर सगळे शहाळ्याचं पाणी प्यायचे. राजवाड्याच्या दारावर राजचिन्ह रंगवलेलं होतं. मधोमध माड, खाली कासव, वर पांढरा पक्षी. ते चिन्ह साधंसुधं नव्हतं, बरं का. चित्रात जे होईल, तेच बेटावर व्हायचं.

ते चिन्ह केतकी नावाची चितारीण सांभाळायची. तिनं राजाला हे सांगितलंही. पण राजाला वाटलं, ही मला घाबरवतेय. हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.

मग एक दिवस राजानं पक्ष्याकडे बघून डोळे बारीक केले. "हा बाहेर बातम्या नेत असणार. याची चोच दोरीनं बांधलेली दाखव." केतकीनं दाखवली. बेटावरचे सगळे पक्षी मुके झाले. राजा म्हणाला, "बघा, कट उघडा पडला, म्हणून गप्प बसले!"

मग कासव. "पाठीखाली काय लपवतंय हे? बांध त्याचे पाय." झालं! किनाऱ्यावर एकही कासव जागचं हलेना.

मग माडाची पाळी. "हा समुद्राकडेच का वाकलाय? कुणाला खुणा करतोय?" केतकीनं हात जोडले, पण राजा ऐकतोय कसला! त्यानं स्वतःच कुंचला घेतला आणि माड दोरीनं करकचून आवळला. बेटावरच्या सगळ्या शहाळ्यांतलं पाणी आटलं.

राजाची एक छोटी मुलगी होती, पोवळी. तहानेनं तिची जीभ टाळ्याला चिकटली. राजा केतकीवर ओरडला, "तूच चेटूक केलंस! होडीत घालून समुद्रात सोडा हिला!"

तेवढ्यात पोवळी भिंत धरत धरत दारापाशी आली. म्हणाली, "बाबा, माडाला सोडा ना. हवं तर माझं चित्र काढा आणि मला बांधा."

लेकीला दोरी? त्याला रडूच फुटलं. मग काय, रडत रडत तो नखांनीच रंगवलेल्या दोऱ्या खरवडायला लागला. केतकीही खरवडायला पुढे आली. या वेळी त्यानं तिच्यावर संशय घेतला नाही.

बाहेर धप्पकन शहाळं पडलं. राजानं ते आपल्या हातानं सोललं, पोवळीच्या ओठांना लावलं. पोर घटाघटा प्यायली. कासवं चालायला लागली, पक्ष्यांनी कलकलाट केला. राजा म्हणाला, "केतकीबाई, चुकलो मी."

मग पोवळी सुखात राहिली, केतकी सुखात राहिली, राजालासुद्धा शांत झोप लागली. आता तुम्ही झोपा. मी दिवा घालवते, आणि झोपलात की नाही ते बघायला काही येणार नाही.