पवळीचे दोन सड

आधी पाय पांघरुणात घे बघू, येसू. आणि बाबल्या, मधे मधे तोंड घातलंस तर गोष्ट इथंच बंद. आज रडायची गोष्ट आहे, आधीच सांगून ठेवते. मागनं माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत.

तर एक राजा होता, बरं का. सगळं होतं त्याच्याकडे, फक्त राणी नव्हती. म्हणजे होती, पण बाळ झालं त्याच दिवशी गेली बिचारी. राजानं हाय खाल्ली. बाळाला उराशी धरून बसून राहिला, जेवलासुद्धा नाही.

मग बाळाला पाजायचं काय? दाईचं दूध पाजलं, ते ओकून टाकलं. शेळीचं पाजलं, तेही ओकून टाकलं. म्हशीचं तर तोंडातच धरेना. बाळ पार काडी झालं. तेव्हा राजाच्या गोठ्यात धारा काढणारी धुरपाबाई पुढं आली. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण हात लोण्यासारखा. तिनं पवळी नावाच्या तांबड्या गाईचं दूध आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं बाळाच्या तोंडात पिळलं. ते मात्र पोटात राहिलं. राजाचा जीव भांड्यात पडला.

पवळीला तेव्हा नुकतंच वासरू झालेलं. कपाळावर तिळाएवढा पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव तिळ्या. आता गाईला सड किती? चार. दोन वासराचे, दोन माणसाचे, ही गोठ्याची रीत. आधी वासरू सोडायचं. त्यानं ढुशी दिली की गाय पान्हा सोडते. मग आपले दोन सड पिळायचे आणि दोन त्याला ठेवायचे. धुरपाबाईच्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनंही हेच केलं.

पण राजाच्या मनात आलं, उद्या दूध कमी पडलं तर? त्यानं हुकूम सोडला, चारही सड बाळाचे.

धुरपाबाईनं हात जोडले. म्हणाली, "महाराज, वासराच्या तोंडचं काढू नका. त्याचे दोन त्याला राहू द्या."

राजा म्हणाला, "माझं लेकरू आधी."

वाईट नव्हता हो तो. भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसाच्या हातात हुकूम असला की दुसऱ्याच्या जिवावर बेततं.

मग रोज तिळ्याला पान्ह्यापुरतं सोडायचे. दोन घोट घेतले न घेतले तोच ओढून खुंट्याला बांधायचे. तांबे भरभरून दूध महालात जायचं. बाळ प्यायचं, उरलेलं उद्यासाठी झाकून ठेवायचे. उद्याला ते नासायचं, तोवर नवं आलेलं असायचं. इकडे तिळ्या भुकेनं हंबरायचा. वर महालात ऐकू जायचं ते. राजा खिडकी लावून घ्यायचा.

धुरपाबाई त्याच्यापुढं कोवळं गवत धरायची, पण एवढ्याशा वासराला गवत कुठलं पचतंय? एका सकाळी तिळ्या उठलाच नाही. पवळीनं त्याला चाटलं, नाकानं ढकललं, परत चाटलं. नाही उठला.

आणि पवळीनं दूध चोरलं. थेंब म्हणून देईना. दुसऱ्या गाईंचं पाजलं तर ते बाळानं ओकून टाकलं, साखरपाण्यावर कसंबसं तगलं.

मग आले शहाणे. पहिला म्हणाला, गाईचं दूध तिच्या तोंडात असतं, खायला घाला. सरकी आणली, पेंड आणली, हिरवा लुसलुशीत घास आणला. पवळीनं हुंगलं आणि मान फिरवली. दुसरा म्हणाला, उकाडा फार आहे, तलखीनं दूध घटतं. गोठ्याला वाळ्याचे पडदे लावले, गार पाण्याचा हौद भरला. खोटं नव्हतं हो त्यांचं. चारा लागतो, पाणी लागतं, सावली लागते. पण तिला काय लागत होतं ते कुणी विचारलंच नाही.

तिसरा फार हुशार होता. त्यानं तिळ्याच्या कातड्यात पेंढा भरला, शिवलं, आणि ते वासरू पवळीपुढं उभं केलं. धुरपाबाई तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसली. पवळीनं वास घेतला. वास तिळ्याचाच. ती चाटायला लागली, आणि काय सांगू, पान्हा आला तिला. तीन दिवस बाळाला दूध मिळालं.

चौथ्या दिवशी चाटून चाटून शिवण उसवली आणि आतला पेंढा खाली आला. पवळीनं पेंढा हुंगला, मग कातडं हुंगलं. हंबरलीसुद्धा नाही. नुसती उभी राहिली.

ते राजानं डोळ्यांनी पाहिलं. बाळाला घेऊन तोच दुधाची वाट बघत दारात उभा होता ना.  तिथंच शेणामुतात बसला आणि रडला. राणी गेल्यापासून पहिल्यांदा रडला. कडेवरचं बाळही भुकेनं रडायला लागलं, अगदी बारीक आवाजात.

आणि मग पवळी बोलली. गाय कधी बोलते का? एकदाच बोलते, आणि जीव नको नको होतो तेव्हा.

पवळी म्हणाली, "राजा, माझं लेकरू रडत होतं, तू खिडकी लावून घेतलीस. मला खिडकी नाही. ठेव त्याला खाली."

राजानं बाळाला तिच्यापुढं पेंढ्यावर ठेवलं. पवळीनं त्याला कपाळापासून चाटायला सुरुवात केली. चाटता चाटता तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि सडांतनं दूध आलं. धुरपाबाई लगबगीनं तांब्या घेऊन बसली. पण धार आली ती दोनच सडांतनं. दुसरे दोन कोरडे ते कोरडेच, पुढं जन्मभर. ते तिळ्याचे होते.

त्या दोन सडांचं दूध बाळ प्यालं, पोट भरलं, झोपलं. तांब्यात थोडं उरलंही. राजानं तांब्यात वाकून पाहिलं, आणि उरलेलं ते दूध पाहून जो हुंदका दिला त्यानं, की बास. दोनच सड पुरत होते गं बाळाला. पहिल्या दिवसापासून पुरत होते.

नाही, येसू. तिळ्या परत आला नाही. गोष्टीतलं झालं म्हणून मी खोटं कशाला सांगू?

बाळ मात्र मोठं झालं, राजा झालं, सुखानं नांदलं. पवळी त्याच्याच दारी म्हातारी झाली. संध्याकाळी वासरं सोडायची वेळ झाली की ती वाटेकडं मान करून हंबरायची, आणि तो राजा सगळं टाकून तिच्या गळ्याशी जाऊन बसायचा. त्याच्या महालाला खिडक्या होत्या, पण एकीलाही दार नव्हतं.

डोळे पूस, बाबल्या. आपल्या गोठ्यातलं वासरू पोटभर पिऊन पडलंय, मी आत्ताच बघून आले. आता तुम्हीही निजा.