बासुंदीची पहिली वाटी

पुण्यातल्या एका संगणक कंपनीचे सेवाप्रमुख राजोपाध्ये साहेब यांना आपल्या पद्धतीचा भारी अभिमान. सेवा थांबता कामा नये. तक्रार आली की नोंदवायची आणि लगेच दुरुस्त करायची.

कंपनीचं कॅन्टीन कुसुमताई लोखंडे चालवत. नेमके परदेशी पाहुणे यायच्या दिवशी त्यांचा फ्रीज बंद पडला आणि बासुंदी ऐन उन्हाळ्यात सकाळभर गरमीत राहिली. अन्नसुरक्षेच्या नियमानं ती वाढायची नव्हती. ताईंनी पातेलं बाजूला काढलं.

साहेब सगळ्यांदेखत कडाडले, "तुमचे नियम आधीच अडवून धरतात, आमचे नियम काम चालू ठेवून चुका सुधारतात. जग आमच्या नियमांवर चालतं, ताई. बासुंदी वाढा, नाहीतर उद्यापासून दुसरा ठेकेदार."

स्वयंपाकघरातल्या साऱ्या बायकांचं पोट या ठेक्यावर होतं. ताई आत गेल्या आणि वाटीभर बासुंदी आणून साहेबांपुढे ठेवली.

"आज तुमच्या पद्धतीनं करू, साहेब. पहिली वाटी तुमची. पोट बिघडलं तर तक्रार नोंदवा. फक्त एवढं सांगून ठेवा, संगणक अडला की तुम्ही तो बंद करून पुन्हा चालू करता. तुम्ही बंद पडलात, तर आम्ही चालू कुठून करायचं?"

सगळं कॅन्टीन खो खो हसलं. साहेबांनी उचललेला चमचा हळूच खाली ठेवला.

"दुसरं गोड काय आहे?"

"शिरा टाकलाय. वाफ येईपर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो," साहेब म्हणाले, "आणि तो दुसरा ठेकेदारही थांबेल."