विटेच्या आत की बाहेर

“मग ती येत का नाही, वस्ताद? मी तिचं काय वाईट केलं?”

हिंदुराव वस्ताद फुटबॉलमध्ये हवा भरत होते. सायकलचा पंप, वर-खाली, वर-खाली. धैर्यशीलचा प्रश्न त्यांनी ऐकला की नाही, ते कळलं नाही.

“उलट मी तिला गोल मिळवून दिला.”

पंप थांबला.

“मिळवून दिलास?”

“म्हणजे... तिनंच मारला. पण ऋतूला मी खूण केली होती, सोड म्हणून.”

वस्तादांनी चेंडू अंगठ्यानं दाबून बघितला आणि पुन्हा पंप सुरू केला.

कोल्हापुरातल्या त्या तालमीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी हा खेळ चालायचा. मुलं, मुली, ज्यांना ऐकू येत नाही ते, ज्यांना नीट चालता येत नाही ते, आणि ज्यांना सगळं नीट येतं तेही. सगळे एकाच चेंडूमागे. गोलला खांब नव्हते, दोन विटा होत्या. वस्तादांनी हे सुरू केलं, पण त्यांचे गुडघे आता ऐकत नव्हते. म्हणून धैर्यशील येऊ लागला. पेठेच्या संघातून खेळलेला, कॉलेजात शिकणारा, अंगात रग असलेला पोरगा. आता मैदान तोच बघायचा. गोलकीपर ऋतुराजला ऐकू येत नाही म्हणून त्यानंच हातांच्या खुणा ठरवल्या होत्या आणि सगळ्या मुलांकडून घोटून घेतल्या होत्या.

आणि मिसबा मुजावर. डावा पाय लहानपणापासून बारीक, काखेत कुबडी, उजव्या पायात मात्र विलक्षण जोर. तिच्या नावावर एकही गोल नव्हता. मग एका रविवारी झाला. पोरांनी गुलाल उधळला, फोटो काढले. मिसबानं तोंडावरचा गुलाल ओढणीनं पुसला, खेळानंतर मिळणारी भडंगाची पुडी घेतली नाही आणि कुणाशी न बोलता घरी गेली.

त्यानंतर ती आलीच नाही.

“तिची आई म्हणते, जात नसशील तर रविवारी शिवणाच्या क्लासला घालते. एकदा तिकडं अडकली की संपलं, वस्ताद. सगळ्यात गुणी पोरगी आहे ती.”

“हं.”

“तुम्ही एकदा जाऊन सांगा की तिला.”

“मी कशाला? मैदान तू बघतोस.”

धैर्यशीलला ते लागलं. मग बरेच दिवस मनात असलेलं बाहेर आलं.

“बघतो तर सगळं मीच. तरी शिट्टी तुमच्याच गळ्यात.”

त्या शिट्टीची गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. पितळेची, लाल गोफातली. वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी दिलेली. ज्याच्या गळ्यात ती, मैदान त्याचं. माणूस पारखल्याशिवाय वस्ताद ती कुणाला देणार नाहीत, असं लोक म्हणायचे.

वस्तादांनी पंप खाली ठेवला. गळ्यातली शिट्टी काढली.

“घे.”

“...आत्ता?”

“तुला पाहिजे हाय न्हवं? घे की.”

धैर्यशीलनं ती गळ्यात घातली. बघितलं तर आजूबाजूला कुणी नव्हतं. एक शेळी होती, ती पाठमोरी चरत होती.

वस्ताद चेंडूची पिन काढत बसले.

“वस्ताद...”

“काय?”

“असं कसं? तुम्ही पारखून देता म्हणतात.”

“म्हणतात लोक.”

“मग माझ्यात काय बघितलंत?”

“काय न्हाई. तू रडकुंडीला आलतास, म्हणून दिली.” वस्ताद हसले. “टाळ्या वाजवू का?”

धैर्यशीलचे कान तापले. गोफ मानेला खाजवू लागला. त्यानं शिट्टी काढून चेंडूशेजारी ठेवली.

“अशी नको.”

“अशी म्हंजे कशी?”

धैर्यशील ‘फुकटची’ म्हणायला गेला, आणि त्याला मिसबानं पुसलेला गुलाल आठवला.

वस्तादांनी शिट्टी उचलून पुन्हा आपल्या गळ्यात घातली.

धैर्यशीलनं सायकल काढली.

मिसबा दारातच बसली होती. मांडीवर कापड, हातात सुई. त्याला बघून तिनं मान खाली घातली.

“का आलास, दादा? फोटो काढायचाय?”

“खेळायला चल.”

“नुरा असली तर मी येत नाही.”

दोघं पैलवान आधीच ठरवून कोण पडायचं ते पडतात, त्या कुस्तीला कोल्हापुरात नुरा म्हणतात. तसल्या कुस्तीनंतर लोक मैदानात चपला फेकतात.

“तुला कळलं होतं?” धैर्यशीलनं विचारलं.

“तू माझ्या डोळ्यांसमोर हात उलटा केलास. ‘सोड’ म्हणून. ती खूण तूच शिकवलीस की आम्हाला! ऋतूला एकट्याला शिकवलीस काय?” तिनं सुई कापडात खुपसली. “सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांना माहीत होतं. आणि वर गुलाल.”

धैर्यशील पायरीवर बसला. आतून कुकरची शिट्टी झाली.

“उद्या गोलमध्ये मी उभा राहतो,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि अडवतो.”

“खरं?”

“खरं.”

“मी पडले तर पळत येणार नाहीस?”

त्यानं तिच्या शेजारच्या कुबडीकडे बघितलं.

“...नाही येणार.”

मिसबानं कापडाची घडी घातली. आत तोंड करून ओरडली, “अम्मी, शिवणाचं पुढच्या आठवड्यात बघू!”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ऋतुराज गोल सोडून पुढे खेळला आणि दोन विटांमध्ये धैर्यशील उभा राहिला.

मिसबाचा पहिला फटका त्यानं सहज अडवला. पुढचा छातीवर घेतला. मग ती जोरात आली, कुबडी घसरली आणि ती तोंडावर आपटली. धैर्यशीलचा पाय उचलला गेला... त्यानं तो परत जागेवर ठेवला. मैदानाबाहेर कुणीतरी म्हणालं, “उचला की पोरीला!”

“गप बसा तुम्ही!” मिसबा जमिनीवरूनच ओरडली.

ती उठली. दातांतली माती थुंकली. खेळ सुरू झाला.

तिचं काहीच चालेना. धैर्यशील अडवत होता आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत होता. पण हळूहळू ते कमी झालं. मग ती कुठून येते, कुबडी कुठं टेकते, एवढंच त्याला दिसू लागलं. शेवटी शेवटी तर तो तिला डिवचायलाही लागला.

“ए मुजावर, एवढाच जोर काय?”

ऋतुराजनं चेंडू तिच्याकडे ढकलला. मिसबानं कुबडी रोवली, सगळा भार तिच्यावर टाकला आणि उजवा पाय फिरवला. धैर्यशील खरोखर झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना चाटून गेला, डाव्या विटेच्या कडेनं, धूळ उडवत.

“गोल!” मिसबा किंचाळली.

“ह्या! बाहेरनं गेला!” धैर्यशील मातीतून उठत ओरडला.

“आतनं गेला!”

“विटेला लागून बाहेर गेला! मी इथं होतो!”

“तू आडवा पडला होतास, तुला काय दिसतंय?”

“कुबडीवर हात ठेवून सांग, आतनं गेला?”

“ही बघ, ठेवला! आतनं!”

पोरं धावत आली. निम्मी इकडची, निम्मी तिकडची. ऋतुराज दोन्ही हातांनी ‘आत, आत’ अशी खूण करत धैर्यशीलच्या नाकासमोर नाचत होता. कुणी वीट हलल्याचं म्हणत होतं, कुणी आधीपासूनच वाकडी होती म्हणत होतं. मिसबा लालबुंद झाली होती. धैर्यशीलही.

वस्ताद लंगडत त्या घोळक्यात शिरले. भांडणाकडे बघत क्षणभर उभे राहिले... मग धैर्यशीलच्या पाठीमागे गेले, हात वर केले, आणि बाजूला झाले. भांडणाच्या भरात त्याला पत्ताच लागला नाही.

“वस्ताद!” तो गर्रकन वळला. “तुम्ही बघितलंय. तुम्हीच सांगा, आतनं का बाहेरनं?”

मिसबाही वस्तादांकडे बघू लागली.

वस्तादांनी चेंडू उचलला, धोतराला पुसला.

“मला काय विचारतोस?... शिट्टी कुणाच्या गळ्यात हाय?”