गोदाक्काच्या नावाची पुस्तकं

कुरणवाडी गावात दिगंबरशेठ लोखंडे नावाचे भुसार मालाचे एक व्यापारी होते. माणूस दिलदार, पण नावाचा भारी हौशी. देवळाला पंखा दिला, तर त्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. गोदावरीबाई लोखंडे यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घेतलं. पंखा फिरायला लागला की त्यातलं एकही अक्षर वाचता येत नसे, ते सोडा. गोदावरीबाई म्हणजे शेठची आई. गाव तिला गोदाक्का म्हणायचं. शेळ्या राखून तिने एकटीने लेकाला वाढवलं होतं. तिचं नाव गावाने विसरू नये, एवढीच शेठची तळमळ होती.

या खेपेला तर शेठने कमालच केली. गावच्या वाचनालयाला वीस ई-रीडर घेऊन दिले. यंत्र शाळेच्या पाटीएवढं, आणि पोटात हजार पुस्तकं! गाव त्याला पाटीच म्हणू लागलं. म्हातारी माणसं खूश, कारण अक्षर हवं तेवढं मोठं करता येणार. पोरं खूश, कारण दप्तरात गोष्टींचं अख्खं कपाट मावणार. उद्घाटनाच्या आधीच पाटीसाठी नंबर लागले.

ग्रंथपाल वृंदाताईंनी लॅपटॉपवर पुस्तकं जमवली होती. प्रत्येकाचं नाव, लेखक, विषय अशी सगळी माहिती भरली होती. आता फक्त सिंक करायचं होतं. म्हणजे लॅपटॉपवर जे आहे, ते जसंच्या तसं सगळ्या पाट्यांवर उतरवायचं.

शेठ खुर्ची ओढून शेजारी बसले. "ताई, आईचं नाव कुठे घालणार?"

"पाटीच्या मागच्या बाजूला छान कोरून घेऊ."

"मागे कोण बघतंय? पुस्तकाच्या नावाच्या जागी घाला."

"मग पुस्तकाचं नाव कुठे जाईल?"

"आत पहिल्या पानावर असतंच की ते. विषयाच्या जागीही आईच असू दे. आणि लेखकाच्या जागी मला घाला."

वृंदाताईंनी परोपरीने समजावलं. पण शेठ ऐकतील तर शपथ! शेवटी ताईंनी जुन्या माहितीची एक प्रत बाजूला ठेवली आणि शेठ म्हणाले तसं केलं. सिंक झालं. पाटीवर हजार पुस्तकं आली आणि हजारच्या हजार पुस्तकांचं नाव एकच, 'कै. गोदावरीबाई लोखंडे यांच्या स्मरणार्थ'. शेठची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात उद्घाटन होतं. मांडव सजला, माईक लागला, समईशेजारी गोडेतेलाची बाटली ठेवली. तालुक्याचे पाहुणे वाटेवर होते. तेवढ्यात गावातली तानूबाई आपल्या शेळीला हातगाडीवर घालून धावत आली. तानूबाईने आयुष्यात पहिल्यांदाच शेळी घेतली होती. शेळी गाभण होती. सकाळी ओला लसूणघास भरमसाट खाऊन तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि श्वास पुरत नव्हता.

जनावरांचे डॉक्टर परगावी गेलेले. फोन लागेना. गावाकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे थेंबसुद्धा पाजू नका. तानूबाई थेट वृंदाताईंकडे गेली.

"ताई, पाटीत शेळीच्या आजारांचं पुस्तक आहे म्हणाला होतात. तेवढं काढून द्या."

पुस्तक होतं हो. पण हजारांतलं कुठलं? लोकांनी भराभर पाट्या उचलल्या. एकाने पुस्तक उघडलं, त्यात लाडू निघाले. दुसऱ्याच्या पुस्तकात भूत निघालं. तिसऱ्याला विहीर खणायची रीत सापडली. सगळ्यांच्या वर गोदावरीबाई आणि सगळ्यांचे लेखक दिगंबरशेठ. आता मात्र पंचाईत झाली.

"शेठ, जुनी माहिती परत घालून सिंक केलं तर पुस्तक लगेच सापडेल," वृंदाताई म्हणाल्या. "पण आईंचं नाव सगळीकडून जाईल."

"पाहुणे पोचतीलच आता," शेठ चाचरले. "तेवढा कार्यक्रम होऊ द्या."

"शेठ, कार्यक्रम उद्याही होईल," तानूबाई म्हणाली. "माझी शेळी उद्या नसेल."

शेठनी शेळीकडे पाहिलं. लहानपणी त्यांच्या दारात अशाच फुगलेल्या शेळ्या लोक घेऊन येत. आई हातातला घास टाकून उठायची, काहीतरी पाजायची, आणि शेळी वाचायची. काय पाजायची, ते काही केल्या आठवेना. शेठना फार वाईट वाटलं. आईला येत होतं तेच आज आईच्या नावाखाली दडून बसलं होतं, आणि दडवलं होतं त्यांनीच.

"काढा ताई," शेठ म्हणाले. "सगळीकडून काढा."

वृंदाताईंनी सोबत आणलेला लॅपटॉप उघडून जुनी माहिती परत घातली आणि सिंक सुरू केलं. काय सांगू तो क्षण! पाट्यांवर नावं भराभर बदलू लागली. लाडवांना लाडवांचं नाव मिळालं, भुताला भुताचं. लोक एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत नावं मोठमोठ्याने वाचू लागले. आणि कोपऱ्यातून एक मुलगी ओरडली, "सापडलं! 'शेळी घरची, काळजी आपली'!"

तिने पान काढून खणखणीत वाचलं. पोट फुगलं तर शेळीचे पुढचे पाय उंचावर ठेवा, थोडं थोडं गोडेतेल पाजा, डावी कूस चोळा.

समईशेजारची बाटली कामी आली. तानूबाईने बेताबेताने तेल पाजलं. शेठनी कडक इस्त्रीच्या सदऱ्याची पर्वा न करता शेळीचे पाय व्यासपीठाच्या पायरीवर धरले आणि कूस चोळायला घेतली. चोळता चोळता घामाघूम झाले. बऱ्याच वेळाने शेळीने माईकसमोरच असा दणदणीत ढेकर दिला की मांडव हादरला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. पोट उतरू लागलं. तानूबाईचा जीव भांड्यात पडला. नेमके तेव्हाच पाहुणे आले, तर त्यांना कळलं की उद्घाटन शेळीने उरकलं आहे.

घरी निघताना शेठनी एक पाटी हातात घेऊन मागून-पुढून पाहिली. वीस पाट्या दिल्या आणि एकीवरही आईचं नाव नाही, हे त्यांना लागलं होतं.

दोन दिवसांनी ते वाचनालयावरून चालले होते. दारात तानूबाई उभी होती. ती वृंदाताईंना म्हणत होती, "ताई, एक गोदाक्का द्या ना घरी न्यायला. शेळी व्यायला झालीय, काय काय करायचं ते बघून ठेवते."

"एकही शिल्लक नाही गं," वृंदाताई म्हणाल्या. "सगळ्या गोदाक्का वाचायला गेल्यात."

शेठ तिथेच रस्त्यात थांबले आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तात्पर्य: आपल्या माणसाचं नाव जागोजागी लिहून टिकत नाही, त्या नावाने केलेलं काम कुणाच्या अडचणीला धावून आलं, की लोक ते नाव आपणहून घेतात.