पेवात सोडलेला कंदील

एकदा एका शिक्षणसंस्थेचा हेडक्लार्क, निवृत्तीला अठरा दिवस उरले असताना, खिशात एक अर्ज घेऊन आपल्या जुन्या गुरुजींच्या गावी गेला. त्याचं नाव भूपाल मगदूम. तेहतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे अर्ज तपासले होते, रिकाम्या जागा लाल शाईनं गोल करून परत पाठवले होते, आणि आता स्वतःचा एक पानाचा अर्ज तीन महिने झाले तरी त्याला भरता येत नव्हता.

तसा अर्ज सोपा होता. साठलेली पुंजी कशी घ्यायची एवढंच त्यात लिहायचं होतं. पहिल्या रकान्यात खूण केली की सगळी रक्कम एकदम हातात. दुसऱ्यात केली की आपण असेपर्यंत दरमहा ठरावीक पेन्शन. तिसराही एक रकाना होता, पानाच्या मागच्या बाजूला. त्यात दरमहाचा आकडा बराच कमी व्हायचा, पण आपल्यानंतर तेवढीच रक्कम पत्नीला तिच्या हयातीपर्यंत चालू राहायची. तिसऱ्याकडे सहसा कोणी बघत नसे. खूण एकदाच करायची होती आणि केल्यावर ती बदलत नव्हती.

भूपालनं आपल्याआधी निवृत्त झालेल्या सात जणांना गाठून विचारलं होतं. त्यात त्याला एक मोठी गंमत कळली. एकानं सगळी रक्कम उचलली होती, कारण शेजारच्या टेबलावरच्यानं उचलली होती. शेजारच्या टेबलावरच्याला विचारलं, तर तो म्हणाला, ह्यानं उचलली म्हणून मी उचलली. एकानं पेन्शन निवडली होती, कारण त्या दिवशी रांगेत गर्दी होती आणि पेन्शनच्या खिडकीपाशी कोणी नव्हतं. मिक्सर घेताना चार दुकानं पालथी घालणारी ही माणसं! उरलेल्या आयुष्याचा प्रश्न त्यांनी एक चहा संपेपर्यंत निकालात काढला होता. हे असं का होतं, या कुतूहलानं भूपालला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

आणि त्यात अजित होता. भूपालचा पुतण्या, अंगाखांद्यावर वाढलेला, कष्टाळू. त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचं होतं. "काका, सगळी रक्कम उचला, माझ्याकडे द्या, महिन्याला पेन्शनच्या दुप्पट देतो," असं तो म्हणाला होता आणि भूपाल "बघू" म्हणाला होता. मगदुमांच्या घरात "बघू" म्हणजे "हो" असतं, हे अजितलाही ठाऊक होतं. भूपालची बायको पद्मा त्या वेळी आत शेंगा फोडत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

गुरुजी अंगणात उभे होते. वय ऐंशीच्या पुढं, पाठ अजून ताठ. भूपालनं पाया पडून अर्ज पुढं केला. गुरुजींनी तो न वाचताच घडी घालून आपल्या खिशात ठेवला.

"बरा आलास. आज पेव उघडायचंय. ते फावडं घे."

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली खोल विहीरच. तोंड अरुंद, आत पोट मोठं. खाली-भोवती कडबा लावून धान्य भरायचं, वरून दगड बसवायचा, माती टाकून शेणानं लिंपायचं. गावात सगळ्यांनी पत्र्याच्या कोठ्या आणून वर्षं लोटली होती, पण गुरुजी हट्टी. शाळूची ज्वारी खावी तर पेवातलीच, असं त्यांचं म्हणणं होतं.

भूपालनं आणि पेवात उतरण्यात हात बसलेल्या तातोबा नावाच्या गड्यानं मिळून माती ओढली. पहारीनं दगड उचलला. आतून कोमट, आंबूस वास वर आला. भूपाल लहानपणी गुरुजींच्या घरी राहून शिकला होता. तो वास नाकात शिरला तसा तो दहा वर्षांचा झाला आणि वाकून आत बघायला गेला. गुरुजींनी त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं.

त्यांनी कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूहळू आत सोडला. दोन हात खाली गेला असेल नसेल, ज्योत थरथरली आणि विझली.

"बसा," गुरुजी म्हणाले आणि स्वतः बाजेवर बसले.

तातोबाला बसवेना. "गुरुजी, दम धरून उतरतो की. चार पोती काडतो आन् येतो वर. उन्हं व्हायच्या आत मोकळं होऊ."

"दिवा जिथं जगत नाही तिथं तू काय जगणार? बस म्हटलं ना."

मग जे झालं ते भूपाल बघतच राहिला. पेव उघडल्याची बातमी वासाबरोबर आळीत गेली आणि एकेक जण येऊ लागला. समोरच्या सुशीलाकाकू आल्या. लेक बाळंतपणाला आली होती, तिला पेवातला शाळू पचायला हलका, म्हणून पोतंभर पुरे होता. देवळाच्या कमिटीचे दोघे आले. यंदाचा महाप्रसाद मोठा करायचा होता आणि गुरुजींच्या नावाची पाटी लावायला त्यांची अजिबात हरकत नव्हती. गुरुजींच्या मेव्हण्यांचा निरोप आला की अर्धं पेव बियाण्यासाठी राखून ठेवा. तातोबा म्हणाला, मजुरी नको, शाळूच द्या, पण जरा सढळ हातानं द्या. कोणी ओरबाडत नव्हतं. सगळी भली माणसं, सगळ्यांची गरज खरी. पण जेवणवेळ झाली तोवर, एक दाणा वर आला नसताना, भूपालच्या अंदाजानं अख्खं पेव दोनदा वाटून झालं होतं.

गुरुजी प्रत्येकाला एवढंच म्हणत होते, "ऐकलं. बसा."

"गुरुजी," भूपालनं विचारलं, "पूर्वी पेरूच्या झाडाखाली एकच मोठं पेव होतं ना? आता ही चार लहान लहान कशी?"

"सांगतो मागाहून."

दुपारी कंदील पुन्हा सोडला. या वेळी पुरुषभर खोल जाऊन विझला. आक्कांनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. ती भाकरी मागच्या पेवातल्या शेवटच्या शाळूची होती, पांढरीशुभ्र आणि गोड. भूपालनं तिसरी भाकरी घेता घेता म्हटलं, "गुरुजी, आमच्यासाठीही चार पायली काढून ठेवा बरं. पद्माला फार आवडते ही भाकरी."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. हसण्यासारखं आपण काय बोललो, ते भूपालला कळलं नाही.

उन्हं कलल्यावर तिसऱ्यांदा कंदील आत गेला आणि तळाशी जाऊनही जळत राहिला. त्याच्या उजेडात खाली पिवळसर शाळू दिसला तेव्हा सुशीलाकाकूंनी हात जोडले. तातोबा दोरीनं उतरला. पोत्यामागून पोतं वर आलं. अंगणातली पहिली रास आक्कांनी हातानं चाळून पाहिली आणि घरात नेऊन ठेवायला लावली. "बारा पोती आत. पुढचं पेव फाल्गुनात," एवढंच त्या म्हणाल्या. मग जे उरलं त्यातून गुरुजींनी सगळ्यांना दिलं. पोतं मागणाऱ्याला पायल्या मिळाल्या, महाप्रसादाला एक घमेलं गेलं, पण रिकाम्या हातानं कोणी परत गेलं नाही आणि तोंड वाकडंही कोणी केलं नाही. भूपालच्या पिशवीतही दोन पायली पडल्या.

अंगण मोकळं झालं. भूपाल म्हणाला, "गुरुजी, दिवसभर मी माझ्या अर्जाची वाट बघतोय. तुम्ही मात्र कंदील बघत बसलात."

गुरुजी म्हणाले, "सकाळी तू आलास तेव्हा तुझ्या मनात शाळू होता का रे?"

"नाही."

"मग दुपारी चार पायली कुठून आल्या?"

भूपालचे कान तापले.

"लाजू नकोस. तू लोभी नाहीस. सुशीला नाही, तातोबाही नाही. तोंड उघडं दिसलं की भल्या माणसालाही आपली गरज आठवते, हा पेवाचा धर्म आहे. पेव बंद असतं तेव्हा धान्य सुरक्षित असतं, पण त्याचा घास घेता येत नाही. उघडलं की घास मिळतो, पण मग धान्याला वारा लागतो, कीड लागते आणि माणसं लागतात. म्हणून उघडावं लागतंच, पण उघडल्या उघडल्या आत उतरू नये. आधी दिवा सोडावा. आतली हवा निवेपर्यंत बसावं. आणि उघडायचं ते एवढंच, जेवढं हातून सांभाळलं जाईल."

"म्हणून चार लहान पेवं?"

गुरुजींचा आवाज खाली आला. "ते अक्कल आल्यावर. मोठं पेव मी एका वैशाखात उघडलं, थोरलीच्या लग्नाला. तातोबाच्या बापानं दम धरून उडी घेतली, नशिबानं वाचला. आणि मी दोन्ही हातांनी वाटत सुटलो. काय ती वाहवा! श्रावणात पेवाचा तळ लागला. मला वाटलं, असेल घरात काहीबाही. ताट तर रोज भरलेलं येत होतं. फार पुढं, काही वर्षांनी, थोरलीनं मला सांगितलं की बाबा, त्या साली आई चार महिने एकवेळ जेवत होती." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "मी शेजाऱ्यांना विचारलं होतं, सोयऱ्यांना विचारलं होतं. हिला विचारलं नव्हतं. तेव्हापासून पेव कधी उघडायचं आणि किती आत ठेवायचं, ते ती ठरवते. मी आपला कंदील धरतो."

त्यांनी खिशातला अर्ज काढून भूपालच्या हातात दिला. घडी तशीच होती.

"तुम्ही वाचलाच नाहीत," भूपाल म्हणाला.

"माझा नाही तो. तुझाही अर्धाच आहे."

भूपाल बसमध्ये बसला तेव्हा मांडीवर शाळूची पिशवी होती. सात जणांना विचारलं, अजितचं ऐकलं, आठवा म्हणून गुरुजींकडे आलो, आणि पद्मा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे हे मला एकदाही आठवलं नाही, या विचाराची त्याला मनापासून लाज वाटली. तेहतीस वर्षं तो येईल त्याला सांगत आला होता की पान उलटून बघा, मागंही मजकूर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अर्ज पद्मापुढं ठेवला. ती त्याच शाळूचं पीठ मळत होती.

"कुठं सही करू?" तिनं विचारलं.

"सही नको. आधी वाच."

"तुमचं काय ठरलंय?"

"काही ठरलं नाही. तू वाच."

पद्मानं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला. ती सावकाश वाचत होती, शब्दाखाली बोट ठेवून. भूपालला तिला समजावून सांगायचा मोह दोनदा झाला आणि दोन्ही वेळा त्याला कॉलरमागं गुरुजींचा हात जाणवला. तिनं पान उलटलं. मागचा मजकूर वाचून तिनं वर पाहिलं.

"हा तिसरा रकाना कोण भरतं हो?"

"फारसं कोणी नाही."

"का? वाईट आहे का?"

भूपालला एकदम ते सात जण आठवले आणि तीन महिने छळणाऱ्या कोड्याचं निदान अर्धं उत्तर त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "वाईट नाही. त्याचा उपयोग झालेला बघायला भरणारा उरत नाही, म्हणून."

पद्मानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाली, "आणि अजित?"

"त्याला मी 'बघू' म्हणालोय."

"मग तुम्हीच सांगा त्याला की बघितलं. दुकानाच्या पूजेला माझ्या हातातल्या दोन पाटल्या मी देईन, आनंदानं देईन. पण हा कागद त्याच्या दुकानात नको." तिनं अर्जाची मागची बाजू वर ठेवून त्यावर साखरेचा डबा ठेवला. "आज खूण नको करायला. दोन दिवस असू दे इथंच. जाता येता वाचू."

भूपालनं पेनाला टोपण लावलं. चूल पेटली होती, तवा तापला होता. पद्मानं पहिली भाकरी थापली, आणि त्या दिवशी तिचं ताट वाढलेलं बघितल्याशिवाय भूपालनं आपला घास उचलला नाही.

आपल्याही घरात असा एखादा कागद असेल, तर त्याची मागची बाजू कोणी वाचायची राहिली आहे, तेवढं आज विचारून पाहावं.